वाईन टेस्टिंगसाठी एका दिवसात किती द्राक्षबागा कराव्यात?

सावकाश (प्रश्न)

येत्या सुट्टीत आम्ही चौघे जण, म्हणजे मी, माझी पत्नी, माझी थोरली बहीण आणि मेहुणे, वाईनसाठी प्रसिद्ध असलेल्या एका भागात आठवडाभर राहणार आहोत, आणि त्यातला एक पूर्ण दिवस आम्ही द्राक्षबागांसाठी राखून ठेवला आहे. मुक्कामापासून तासाभराच्या अंतरात दहा-बारा वायनरी आहेत. मेहुण्यांनी त्यांतल्या पाच निवडून सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंतचे वेळापत्रकही तयार केले आहे.

माझ्या मनात शंका आहे ती तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवामुळे. तेव्हाही आम्ही एका दिवसात पाच ठिकाणी गेलो होतो. पहिल्या ठिकाणी चाखलेली पांढरी वाईन मला आजही आठवते, दुसऱ्या ठिकाणचे थंडगार तळघर आठवते, पण तिसऱ्या ठिकाणापासून पुढचे सगळे एकमेकांत मिसळून गेले. पाचव्या ठिकाणी उत्साहाच्या भरात आम्ही सहा बाटल्या घेतल्या होत्या. त्यांतली पहिली घरी उघडली तेव्हा ही वाईन आपण कशासाठी निवडली असावी, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. ज्यांनी वर्षभर राबून ती वाईन केली त्यांच्या दारात जाऊन आपण काही न उमजताच परत आलो, याची रुखरुख अजून मनात आहे.

म्हणून विचारतो. एका दिवसात किती ठिकाणे करावीत, ती कोणत्या क्रमाने करावीत, आणि घोट थुंकून टाकणे खरोखरच आवश्यक असते का? आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माझी बहीण मद्य घेत नाही आणि गाडी तीच चालवणार आहे. तिचा दिवस आमची वाट पाहण्यात जाऊ नये, यासाठी काय करता येईल?

---

वेलमांडव

मी काही वर्षे एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे, की तीन ठिकाणे पुरेशी आहेत, मात्र ती एकमेकांपेक्षा वेगळी असावीत.

आधी साधा हिशेब मांडू. एका ठिकाणी साधारणपणे पाच वाईन चाखायला देतात आणि प्रत्येक वेळी ग्लासात ३० ते ५० मिलिलिटर ओततात. ५० चा आकडा धरला तर चार ठिकाणच्या वीस ग्लासांत एक लिटर वाईन होते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या पूर्ण बाटलीपेक्षाही जास्त, आणि ती एकट्या माणसाच्या वाट्याला येते. वाईनमध्ये १३ टक्के अल्कोहोल असेल तर त्या एका लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असते. आपले यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल हाताळू शकते, आणि कॉफी घेतल्याने किंवा थंड पाण्याने तोंड धुतल्याने तो वेग वाढत नाही. तेव्हा तिसऱ्या ठिकाणापासून सगळे मिसळून गेले, यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही.

थुंकणे हा त्यावरचा खरा उपाय आहे आणि त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. टेबलावरची पिकदाणी त्यासाठीच ठेवलेली असते. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांना एका दिवसात कित्येक डझन वाईन चाखाव्या लागतात, आणि थुंकल्याशिवाय ते शक्यच नसते. आमच्याकडे एखादा पाहुणा थुंकताना दिसला की हा माणूस मन लावून चव घेतो आहे, असे आम्ही समजत असू, आणि अशा पाहुण्यासाठी यादीत नसलेली एखादी बाटलीही आतून बाहेर येत असे. घोट तोंडात सगळीकडे फिरवावा, ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढावी, पाच-सात सेकंद थांबावे आणि मग ओठ आवळून एका धारेत टाकून द्यावा. हे पहिल्यांदा नीट जमत नाही, म्हणून निघण्याआधी दोन-चार वेळा साध्या पाण्याने बेसिनपाशी सराव करावा. ग्लासात उरलेली वाईनही त्याच भांड्यात ओतता येते, त्यात कोणाचाही अपमान होत नाही. मात्र थुंकले तरी थोडे अल्कोहोल पोटात जातेच, त्यामुळे थुंकणारा माणूस गाडी चालवायला मोकळा झाला, असे मुळीच समजू नये.

ठिकाणे निवडताना नकाशाच्या आधी वाईनचा विचार करा. सकाळी अकराच्या सुमारास जीभ आणि नाक सर्वांत ताजे असतात, म्हणून स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ, किंवा पांढऱ्या वाईनसाठी नावाजलेले ठिकाण पहिले ठेवा. जेवणानंतर लाल वाईनकडे वळा, आणि कोणी गोड वाईन करत असेल तर ते ठिकाण शेवटी घ्या. एकाच ठिकाणीही हाच क्रम पाळतात, कारण गोड वाईननंतर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाईन चाखली की ती विनाकारण आंबट लागते, आणि भारदस्त लाल वाईननंतर नाजूक पांढरी वाईन पाण्यासारखी वाटते. प्रत्येक ठिकाणी किमान दीड तास द्या. घाईने आलेले पाहुणे आम्हाला दारातूनच ओळखू येत, कारण त्यांची नजर ग्लासापेक्षा घड्याळाकडे अधिक असे.

शेवटी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यातच दिसते. आमच्या तळघरात एकाच टाकीतली वाईन दोन पिंपांत भरून ठेवलेली असे, एक ओकचे नवे पिंप आणि दुसरे अनेक हंगाम वापरलेले. मी काचेच्या लांब नळीने दोन्ही पिंपांतून थोडी थोडी वाईन काढून पाहुण्यांच्या हातात दोन ग्लास देत असे. नव्या पिंपातल्या वाईनला व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या लाकडाचा वास येई, तर जुन्या पिंपातलीला द्राक्षाचाच. द्राक्षे एकच, टाकी एकच आणि दिवसही तेवढेच, असे सांगितले की लोक बोलणे थांबवून पहिला ग्लास पुन्हा उचलत. वीस वेगवेगळ्या वाईन ओळीने चाखून जे कळत नाही, ते अशा एका तुलनेतून कळते. तुम्ही जिथे जाल तिथे अशी एखादी जोडी चाखायला मिळेल का, हे आवर्जून विचारा. एकाच द्राक्षाची दोन वेगवेगळ्या वर्षांची वाईन किंवा एकाच वर्षाची दोन वेगळ्या उतारांवरची वाईन, यांतले काहीही चालेल.

---

रसायनी

वेलमांडव यांच्या तीन या आकड्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून त्यामागची कारणे माझ्या बाजूने मांडते.

लाल वाईनच्या घोटानंतर तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. त्याला आपण तुरट चव म्हणत असलो तरी त्यात स्पर्शाचा भाग मोठा आहे. द्राक्षाच्या साली आणि बिया, तसेच ओकचे लाकूड यांतून टॅनिन नावाची तुरट द्रव्ये वाईनमध्ये उतरतात. ही टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचा साका होतो. लाळेचा गुळगुळीतपणा गेला की जीभ टाळूवर खरखरीत लागते. हा परिणाम घोटागणिक साठत जातो, ही इथली महत्त्वाची गोष्ट आहे. त्यामुळे सलग आठ लाल वाईन चाखल्यावर आठवी सर्वांत तुरट लागली, तर तो तिचा गुण आहे की आपल्या दमलेल्या तोंडाचा, हे सांगणे अवघड होते. मध्ये थोडा साधा पाव खावा, पाणी प्यावे आणि मुख्य म्हणजे वेळ जाऊ द्यावा, म्हणजे लाळ पूर्ववत होते.

नाकाचेही तसेच आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच त्याची जाणीव मंदावते, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग खरे तर नाकाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्यासारखी खमंग चव, एवढेच कळते. लिची, मिरी, गुलाब किंवा धूर हे सगळे घशाच्या मागच्या बाजूने नाकात पोहोचलेले वास असतात. हे पडताळून पाहायचे असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, तीनपर्यंत मोजा आणि मग नाक सोडा. वाईन जणू त्या क्षणी तोंडात आल्यासारखी वाटते. नाक थकले की ग्लास खाली ठेवून बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यावे किंवा आपल्याच मनगटाचा वास घ्यावा. अर्थात त्यासाठी मनगटावर अत्तर नसले पाहिजे. त्या दिवशी कोणीही सुगंधी द्रव्य लावू नये, कारण त्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीही चाखणी बिघडते. पहिल्या भेटीच्या तासभर आधी दात घासणेही टाळावे. बहुतेक टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट नावाचे फेस आणणारे द्रव्य असते आणि त्यामुळे काही काळ गोडी कमी, तर कडवटपणा जास्त जाणवतो.

आपली समजूत जिभेवर किती स्वार होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रान्समधल्या बोर्दो येथे वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पांढऱ्या वाईनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला आधीच उत्तर सांगून ठेवले होते. म्हणून माझी एक विनंती आहे. ग्लास हातात आल्यावर बाटलीवरचे वर्णन वाचण्याआधी आणि टेस्टिंग रूममधल्या माणसाने वासाची नावे सांगण्याआधी आपल्याला काय जाणवते, ते दोन ओळींत लिहून काढा. शब्द सुचत नसतील तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात तयार केलेले वासांचे चक्र सोबत ठेवा. त्यात मध्यभागी फळाचा, फुलाचा, मसाल्याचा किंवा लाकडाचा अशी मोटामोटी विभागणी असते आणि बाहेर जावे तसतसे नेमके शब्द मिळत जातात.

ग्लास फिरवल्यावर काचेवरून ज्या धारा ओघळतात त्यांवरून वाईनचा दर्जा ठरवू नका. अल्कोहोलचे बाष्पीभवन आणि पृष्ठताण यांतून त्या तयार होतात, हे जेम्स थॉमसन यांनी १८५५ सालीच दाखवून दिले आहे.

---

चौथा मुक्काम

तीनचा आकडा मला थोडा कडक वाटतो. आम्ही नेहमी चार ठिकाणी जातो, पण चौथ्या ठिकाणी चाखत काहीच नाही, फक्त बाग आणि तळघर पाहतो. शिवाय दोघांत मिळून एकच टेस्टिंग मागवतो. बहुतेक ठिकाणी ते चालते, त्यामुळे मिळणारी वाईन निम्म्यावर येते आणि एकाच ग्लासाबद्दल दोघांना बोलता येते. मेहुण्यांचे वेळापत्रक पूर्ण मोडून त्यांना नाराज करण्यापेक्षा ही तडजोड त्यांना पटण्यासारखी आहे. फक्त भेटीच्या वेळा आधी ठरवून घ्या, विशेषतः खुडणीच्या हंगामात. उत्तर गोलार्धात ती साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. तेव्हा माणसे पहाटेपासून कामात असतात आणि न कळवता आलेल्या पाहुण्यांकडे लक्ष देणे त्यांना जमत नाही.

---

दुपारसावली

प्रश्नाचा शेवटचा भाग वाचून मला फार बरे वाटले, कारण अशा सहलींत गाडी चालवणाऱ्याचा विचार क्वचितच कोणी करते. मी स्वतः वाईन घेत नाही आणि गेली कित्येक वर्षे नवऱ्याबरोबर आणि त्याच्या मित्रांबरोबर अशा भेटींना जाते. पहिल्या एक-दोन वेळा मी गाडीत बसून राहिले, आणि ते अजिबात करू नये असे आता कळकळीने सांगते.

पहिली गोष्ट अशी, की तुमच्या बहिणीने प्रत्येक ग्लासाचा वास घ्यावा. वास घेण्याने नशा चढत नाही. बाकीचे तिघे दुपारपर्यंत थोडे तरी थकलेले असतील, पण तिचे नाक संध्याकाळपर्यंत शाबूत राहील. आमच्या गटात वासाच्या बाबतीत वाद झाला की शेवटचा शब्द माझा असतो, आणि तो मान मला मनापासून आवडतो. आपण चाखणार नाही, हे तिने आरंभीच सांगून ठेवावे. कित्येक ठिकाणी तिच्यासाठी न आंबवलेला द्राक्षाचा रस देतात आणि टेस्टिंगचे पैसेही घेत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष बाग. लोक थेट टेस्टिंग रूममध्ये शिरतात आणि वेलींकडे पाहतसुद्धा नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. खुडणीचे दिवस असतील तर तिथल्या माणसाची परवानगी घेऊन घडातला एक मणी तोडा. वाईनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचे, बियांचे आणि बहुधा अधिक गोड असते. आधी गर खा, मग साल नीट चावा आणि शेवटी बी दाताखाली फोडा. बी हिरवट आणि कडू लागली तर घडाला अजून वेळ आहे. ती तपकिरी झाली असेल, कुरकुरीत फुटत असेल आणि तिला भाजल्यासारखी चव असेल, तर खुडणी जवळ आली आहे. मग काळ्या द्राक्षाचा एक मणी चिमटीत हलकेच दाबून पाहा. बहुतेक जातींत रस जवळजवळ बिनरंगी निघतो, कारण रंग सालीत असतो. लाल वाईन सालींसकट आंबवतात, म्हणून ती लाल होते. रोझेसाठी, म्हणजे गुलाबी वाईनसाठी, साली थोडेच तास रसात ठेवतात. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात पिनो न्वारसारख्या काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाईन होते, कारण तिथे रस पटकन पिळून सालींपासून वेगळा करतात. मी वाईन चाखत नाही, पण एका मण्यावरून हे सगळे समजून घेता आले, आणि टेस्टिंग रूममध्ये मंडळी काय बोलत आहेत ते तेव्हापासून मला कळू लागले.

आणि एक सूचना सर्वांसाठी आहे. घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नका. बंद गाडीतले तापमान फार लवकर चढते, वाईन प्रसरण पावून बूच वर सरकते आणि तिची चव शिजवल्यासारखी होते. मी डिकीत नेहमी थंडावा टिकवणारी पेटी ठेवते.

---

सावकाश

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा मी मेहुण्यांना वाचायला दिला. एक लिटर वाईनचा हिशेब वाचून त्यांनी स्वतःच दोन नावे खोडली, त्यामुळे आता तीन ठिकाणे ठरली आहेत. एकच विचारायचे राहिले. बाटल्या कोणत्या क्षणी घ्याव्यात? मागच्या वेळची सहा बाटल्यांची चूक पुन्हा करायची नाही.

---

वेलमांडव

चाखून झाल्यावर लगेच घेऊ नका. पाणी पिऊन बागेत एक फेरी मारा आणि परत येऊन जी वाईन डोक्यातून जात नाही तिचा एकच घोट पुन्हा मागा. दुसऱ्यांदाही ती तेवढीच आवडली तर घ्या. विमानाने परतणार असाल तर बाटल्या नीट गुंडाळून चेक-इनच्या सामानात ठेवा, कारण हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव नेऊ देत नाहीत.

---

सावकाश

सहलीहून काल परतलो. तुम्ही सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले होते, म्हणून वृत्तांत कळवणे मला माझे कर्तव्य वाटते.

तीन ठिकाणे, प्रत्येकी दीड ते दोन तास आणि दोघांत एक टेस्टिंग, असा दिवस गेला. माझ्या वहीत चौदा वाईनच्या नोंदी आहेत, आणि आज त्या वाचताना प्रत्येक ग्लास मला पुन्हा आठवतो. पिकदाणीपाशी पहिल्यांदा मी बराच अवघडलो, पण दुसऱ्या ठिकाणी तो संकोच उरला नाही. तिथे मी जोडीची विचारणा केली तेव्हा एकाच द्राक्षाच्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या वाईन आमच्यासमोर ठेवण्यात आल्या. पहिले वर्ष उष्ण आणि कोरडे होते, तर दुसऱ्या वर्षी उन्हाळा मवाळ होता. पहिली जाडसर आणि पिकलेल्या फळाची वाटली, तर दुसरी सडपातळ आणि आंबटसर. माझ्या पत्नीला दुसरी अधिक आवडली आणि मला पहिली, म्हणून एकेक घेतली. दिवसभरात तेवढ्या दोनच बाटल्या घेतल्या.

तिसऱ्या ठिकाणची गोष्ट मात्र ताईची आहे. तिथल्या मुख्य लाल वाईनचा घोट घेऊन आम्ही तिघांनी माना डोलावल्या आणि मी वहीत 'गंभीर, मातीसारखी' असे लिहूनही टाकले. ताईने माझा ग्लास घेतला, दोनदा वास घेतला आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." टेबलामागच्या बाईंनी लगेच ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला आणि काही न बोलता ती बाटली बाजूला ठेवून दुसरी उघडली. नव्या बाटलीतल्या वाईनला काळ्या चेरीचा आणि मिरीचा स्पष्ट वास होता. ती दोन वेगळी पेये वाटावीत इतका फरक होता. पहिल्या बाटलीचे बूच ट्रायक्लोरोॲनिसोल नावाच्या संयुगामुळे बिघडलेले होते, हे त्यांनी मग समजावून सांगितले. या संयुगाचे लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढे प्रमाणही वाईनचा वास मारायला पुरते. सकाळपासून ती उघडी बाटली कोणाच्याच लक्षात आली नव्हती. निघताना त्यांनी ताईला आत नेऊन पिंपांची खोली दाखवली, तिथे ती अर्धा तास रमली, आणि आम्ही तिघे बाहेर तिची वाट पाहत बसलो.

मी वहीतली ती ओळ खोडलेली नाही, तिच्याशेजारी ताईचे वाक्य लिहून ठेवले आहे.